घोड्यावरचा स्वार लोकांनीच उतरविला!

मुंबई शहरात अशी एक जागा आहे की, जिच्या नावाची वस्तू त्या जागेवर तब्बल बावन्न वर्षे नव्हती. आणि तरीही ते नाव एक दिवससुद्धा कोणाच्या जिभेवरून उतरले नाही. ती जागा म्हणजे काळा घोडा! १९६५ साली तेथला घोडा उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेऊन ठेवण्यात आला. चबुतरा गेला, घोडा गेला, घोड्यावर बसलेला राजाही गेला. मोकळ्या झालेल्या जागी मोटारी उभ्या राहू लागल्या. परंतु टॅक्सीत बसणारा मुंबईकर ‘काळा घोडा’ असेच सांगत राहिला आणि टॅक्सीवाला त्याला बिनचूक तेथेच नेऊन सोडीत राहिला. जहांगीर कलादालनात चित्रे पाहावयास जाणारा रसिक, एल्फिन्स्टन कॉलेजचा विद्यार्थी, डेव्हिड ससून वाचनालयात वर्तमानपत्र चाळीत बसणारा निवृत्त कारकून, सत्र न्यायालयात तारखेसाठी खेटे घालणारा पक्षकार, या साऱ्यांनी जागेवर नसलेल्या घोड्याला साक्षी ठेवून एकमेकांच्या भेटी ठरविल्या!

ही गोष्ट केवळ गमतीची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. चौकात उभे असलेले शिल्प कोणाचे? ज्याने त्यासाठी पैसे दिले त्याचे? ज्याची मूर्ती आहे त्याचे? ज्या सरकारच्या जमिनीवर ते उभे आहे त्या सरकारचे? की जे रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्या सावलीतून ये-जा करतात त्या सामान्य नागरिकांचे? या प्रश्नावर आजवर पुष्कळ भाषणे झाली आहेत. पण त्याचे सर्वांत स्वच्छ उत्तर मुंबईच्या या मुक्या जनावराने देऊन ठेवले आहे. ते ऐकण्याची तसदी मात्र आपले कारभारी घेत नाहीत.

राजा गेला, घोडा राहिला

या घोड्याचा इतिहास थोडक्यात पाहू. इंग्लंडचा युवराज एडवर्ड १८७५ साली मुंबईस आला. त्या भेटीची आठवण म्हणून बगदादहून येऊन मुंबईत नशीब काढलेल्या ससून घराण्यातील सर अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा स्वखर्चाने करवून या शहराला दिला. जोसेफ एडगर बोहम या शिल्पकाराने तो घडविला आणि १८७९ साली तो उभा राहिला. पुढे १९०१ साली हा युवराज सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसला. म्हणजे साम्राज्याचा भावी धनी, धनाढ्य दाता, नामवंत शिल्पकार आणि शहरातील मोक्याची जागा असा सारा थाटमाट जमून आलेला होता. राजनिष्ठेच्या या प्रदर्शनात कशाचीही उणीव राहिली नव्हती.

आणि लोकांनी काय केले? लोकांनी वर मान करून त्या पुतळ्याकडे पाहिले आणि त्याला नाव दिले, ‘काळा घोडा’! राजपुत्राचा उल्लेखसुद्धा नाही. त्याचे पदक, त्याची तलवार, त्याचा रुबाब, सारे काही डोळ्यांआड करून मुंबईच्या रस्त्यावरील माणसाने फक्त त्याचे जनावर तेवढे आपले म्हटले. त्यासाठी सभा भरली नाही, ठराव झाला नाही, शिष्टमंडळ कोणाला भेटले नाही. पण महानगरपालिकेने १९६५ साली जे काम केले, ते लोकांनी त्याच्या कितीतरी आधी आपल्या बोलण्यातून करून टाकले होते. राजाला घोड्यावरून त्यांनीच उतरविले होते; पालिकेने केवळ त्याचे सामान हलविले, एवढेच म्हणावयाचे!

यात पालिकेची एक चूक झाली. तिने राजाबरोबर घोडाही नेला. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर परकीय सत्ताधीशांचे पुतळे भर चौकात मिरवू नयेत, ही भावना सर्वस्वी योग्य होती आणि आजही आम्हाला ती योग्यच वाटते. गुलाम देशाने धन्याची मूर्ती रस्त्यात उभी करावी आणि स्वतंत्र देशाने तिला नमस्कार घालीत राहावे, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु ज्या दिवशी घोडा गेला, त्या दिवशी राजाचे असे काही गेले नाही; गेले ते लोकांचे गेले. राजा त्या वेळी पंचावन्न वर्षांपूर्वीच मेलेला होता. घोडा मात्र जिवंत होता!

ही चूक दुरुस्त व्हावयास बावन्न वर्षे लागली. त्या परिसरातील संस्था व नागरिक यांनी १९९८ साली काळा घोडा असोसिएशन स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी तेथे कलामहोत्सव सुरू केला. अखेर २०१७ साली, जुन्या जागेजवळच, वास्तुरचनाकार अल्फाझ मिलर यांच्या कल्पनेनुसार आणि शिल्पकार श्रीहरी भोसले यांच्या हातून घडलेला नवा काळा घोडा उभा राहिला. या घोड्यावर स्वार नाही. आमच्या मते या शहरात गेल्या कित्येक वर्षांत उभारलेल्या शिल्पांपैकी इतका विचार करून उभारलेले दुसरे शिल्प क्वचितच सापडेल. कारण त्यात नवीन असे काही लादलेले नाही. सव्वाशे-दीडशे वर्षे लोक जे बोलत आले, ते कोणीतरी प्रथमच नीट कान देऊन ऐकले आणि धातूत उतरविले. एरव्ही आपल्याकडे आधी पुतळा उभा राहतो आणि मग लोकांनी त्याच्यावर प्रेम करावे, अशी अपेक्षा धरली जाते. येथे प्रेम आधी होते. पुतळा मागाहून आला!

चौक एक, स्मारके दोन

जे काळ्या घोड्याच्या बाबतीत घडले, तेच थोड्या निराळ्या रीतीने तेथून हाकेच्या अंतरावर असलेल्या हुतात्मा चौकात घडले आहे. तेथील फ्लोरा फाउंटन हे कारंजे १८६४ सालचे. रिचर्ड नॉर्मन शॉ याने त्याची रचना केली आणि जेम्स फॉर्सिथ याने ते इंग्लंडमधल्या पोर्टलंडच्या दगडात कोरले. मुळात ते राणीच्या बागेसाठी मागविलेले होते, पण शहराचा तट पाडला गेल्यावर ते कोटातच बसविण्यात आले. दैवाचा खेळ असा की, बागेसाठी आलेले कारंजे चौकात राहिले आणि चौकासाठी घडविलेला घोडा बागेत गेला!

फुलांच्या या रोमन देवतेचे मुंबईच्या मराठी माणसाशी तसे काय नाते? १९५५ सालापर्यंत काही नव्हते, असे म्हटले तरी चालेल. परंतु त्या वर्षीच्या २१ नोव्हेंबरला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर याच परिसरात गोळ्या झाडल्या गेल्या. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे धारातीर्थी पडली, तेव्हा कोठे १९६० साली १ मे चा दिवस उगवला. मग त्या चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले आणि कारंज्याशेजारी मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांचे स्मारक उभे राहिले. त्या वेळी कारंजे उखडून फेकून द्या, असे कोणी म्हटले असते, तर त्या दिवसांतील संतापाच्या भरात ते अशक्य नव्हते. पण तसे झाले नाही. लोकांनी आपले रक्त जेथे सांडले तेथे आपले स्मारक उभारले आणि शेजारचे कारंजेही राहू दिले. आज तेथे फ्लोरा फाउंटन आणि हुतात्मा स्मारक एकमेकांकडे पाठ न फिरविता उभे आहेत. एकाच चौकाची दोन नावे लोकांच्या तोंडी आहेत आणि कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही. जिंकलेल्या माणसाच्या मनाचा मोठेपणा यापेक्षा निराळा काय असतो?

या कारंज्याचीही हेळसांड कमी झाली नाही. त्याच्या सुंदर दगडावर मध्यंतरी तैलरंगाचे थर चढविण्यात आले होते; पाणी थांबले होते. पालिकेने ते जाणत्या संवर्धनकारांच्या हाती सोपविले आणि जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा वाहू लागले. त्या कामासाठी आसपासची जमीन खणली, तेव्हा १९६४ साली बंद झालेल्या ट्रामचे रूळ डांबराखाली जसेच्या तसे सापडले. ते पाहावयास कामावर जाणारी माणसे घटकाभर थबकली. वाडवडिलांच्या ट्रंकेतील एखादी विसरलेली वस्तू अवचित हाती लागावी, तसे त्यांना वाटले असेल. नागरिकांना आपल्या शहराविषयी आस्था नाही, असे उठल्यासुटल्या म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांनी हे दृश्य आठवावे.

लोकांना न विचारण्याची किंमत

लोकांना न विचारता मूर्ती उभारली म्हणजे काय होते आणि लोकांना न विचारता ती पाडली म्हणजे काय होते, या दोन्ही गोष्टींचे दाखले आपल्या महाराष्ट्रात आहेत.

मुंबईत व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा दिमाखाने बसविण्यात आला होता. १८९६ साली दामोदर चापेकरांनी त्याला डांबर फासले. तो एका क्रांतिकारकाचा क्षोभ होता. ज्या देशात लोकांना मत विचारण्याची पद्धतच नव्हती, तेथे मत मांडावयाचे ते डांबरानेच मांडले गेले. त्याचे आम्हाला आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य आणि दुःख वाटते ते त्यानंतर एकशेवीस वर्षांनी, स्वतंत्र भारतात, पुण्यात जे घडले त्याचे. जानेवारी २०१७ मध्ये एका मध्यरात्री काही तरुणांनी संभाजी उद्यानातील राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडला आणि नदीत फेकून दिला. गडकऱ्यांच्या एका नाटकाविषयी कोणाचा आक्षेप असेल, तर तो मांडण्यास सभा आहेत, वर्तमानपत्रे आहेत, न्यायालये आहेत, नगरसेवक आहेत. पुणेकरांचा कौल घ्यावयाचा असता, तर तो दिवसाढवळ्या घेता आला असता. ज्या वर्षी मुंबईत लोकांच्या मनातला घोडा परत आला, त्याच वर्षी पुण्यात लोकांना न विचारता एक साहित्यिक नदीच्या तळाशी गेला, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. चापेकरांच्या काळी मत विचारले जात नव्हते. आज मत विचारण्याची सोय असून ती वापरली जात नाही.

आणि उभारण्याच्या घाईचे उदाहरण तर महाराष्ट्राच्या काळजाला घरे पाडणारे आहे. मालवणजवळ राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांच्या पस्तीस फूट उंचीच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे पुरते नऊ महिनेही झाले नाहीत तोच, तो कोसळला! साडेतीनशे वर्षे समुद्राच्या लाटा झेलणारा सिंधुदुर्ग ज्या महाराजांनी बांधला, त्यांची मूर्ती त्याच समुद्रासमोर एक पावसाळाही पुरता काढू शकली नाही. पुढे २०२५ साली तेथे नवा पुतळा उभा राहिला, ही समाधानाची गोष्ट; पण त्या दिवशी मराठी माणसाला जी शरम वाटली, ती कोणत्याही नव्या पुतळ्याने धुऊन निघणारी नाही. आराखडा तज्ज्ञांसमोर आणि लोकांसमोर पुरेसा काळ उघडा ठेवला असता, समारंभाच्या तारखेपेक्षा धातूच्या जाडीची चिंता अधिक केली असती, तर महाराष्ट्रावर हा प्रसंग आला नसता, असे म्हणावयास तज्ज्ञ असण्याची गरज नाही.

नागरिकांचे तीन पक्ष

या प्रश्नावर मुंबईकरांचे बोलणे ऐकले म्हणजे त्यांत तीन पक्ष स्पष्ट दिसतात. एक पक्ष म्हणतो, इंग्रजांच्या खाणाखुणांचे हे कौतुक पुरे झाले. शहराला पाणी नाही, लोकलमध्ये पाय ठेवावयास जागा नाही आणि तुम्ही घोड्याची कसली काळजी करता? दुसरा पक्ष म्हणतो, जुने ते सारे जसेच्या तसे परत आणा. राजाही आणा, घोडाही आणा. इतिहास म्हणजे इतिहास. तिसरा पक्ष म्हणतो, आम्हाला जुनेही नको आणि जुन्याची नक्कलही नको. मुंबईत आजच्या कलावंताने आजचे शिल्प उभारावे; गतकाळाच्या आठवणीवर किती दिवस जगणार?

या तिन्ही पक्षांत तथ्य आहे आणि तिन्ही पक्ष थोडे थोडे चुकतात. पहिल्या पक्षास आम्ही एवढेच सांगू की, पाणी आणि लोकल यांसाठी जरूर भांडावे, आम्हीही भांडतो. पण ज्या शहरातील माणसाला आपल्या चौकाविषयी काहीच वाटेनासे झाले, तो पाण्यासाठीही फार दिवस भांडत नाही. शहर हे आपले आहे, ही भावना एकदा गेली की, माणूस नागरिक न राहता भाडेकरू होतो. दुसऱ्या पक्षास आमचे उत्तर असे की, इतिहास जतन करावयाचा म्हणजे त्याची पूजा पुन्हा मांडावयाची असे नव्हे. राजाची जागा संग्रहालयाच्या आवारात आहे आणि ती योग्यच आहे. आणि तिसऱ्या पक्षाला आम्ही विचारतो की, स्वारावाचून उभा असलेला घोडा ही नक्कल कशी? ती तर जुन्यावर लोकांनी केलेली टीका आहे! तरीही आजच्या कलावंतांना चौकात जागा मिळाली पाहिजे, ही त्यांची मागणी आम्हाला मान्य आहे. जहांगीर कलादालनासमोरच्या पदपथावर आपली चित्रे मांडून बसणारे चित्रकार वर्षानुवर्षे हेच मागत आले आहेत.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. कोणी म्हणेल, कलेचे निर्णय काय मतपेटीतून करावयाचे? जनता उद्या ज्याला नाके मुरडील, तेच परवा तिचे भूषण ठरेल, त्याचे काय? आक्षेप पोकळ नाही. १८८७ साली पॅरिसमधील नामांकित साहित्यिकांनी व कलावंतांनी आयफेल मनोऱ्याविरुद्ध निषेधपत्रक काढले होते. आज तो मनोरा वजा केला तर पॅरिसचे चित्रच काढता येत नाही. परंतु या उदाहरणात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तो निषेध रस्त्यावरील माणसाने काढलेला नव्हता. तो जाणकारांनी काढलेला होता! म्हणजे चूक फक्त सामान्यांचीच होते, हा समजही खोटा. शिल्प कसे घडवावे, हे शिल्पकाराने ठरवावे. त्यात लोकांनी छिन्नी हाती घेऊ नये. पण ते कोठे बसवावे, कोणाचे असावे, त्यासाठी कोणती जुनी वस्तू हलवावी आणि पुढे त्याची निगा कोणी राखावी, हे प्रश्न कलेचे नाहीत, ते नागरिकत्वाचे आहेत. या प्रश्नांवर ज्याच्या दारात ते शिल्प उभे राहणार आहे, त्याचा शब्द पहिला असला पाहिजे.

आज नेमके उलटे चालले आहे. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ मुंबई महानगरपालिकेत लोकनियुक्त नगरसेवकच नव्हते. कारभार प्रशासकाच्या हाती होता. नेमक्या याच काळात शहराच्या सुशोभीकरणाचा मोठा खटाटोप झाला. पुलांचे खांब रंगले, दुभाजकांवर शोभेच्या वस्तू आल्या, झाडांच्या बुंध्यांना आणि दिव्यांच्या खांबांना रोषणाईच्या माळा गुंडाळल्या गेल्या. यांतले काय चांगले झाले आणि काय वाईट, याविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु आपल्या गल्लीच्या तोंडाशी काय उभे राहणार, हे तेथल्या रहिवाशाला ते उभे राहिल्यानंतर कळावे, हा प्रकार कोणत्याही मतभेदाच्या पलीकडे चुकीचा आहे. घर आमचे, भिंत आमची, पैसा आमच्या करांतला. आणि रंग मात्र परस्पर ठरवावयाचा, हा कोणता न्याय?

एवढे तरी करा

आमच्या मागण्या अवघड नाहीत. पहिली मागणी अशी की, सार्वजनिक जागेत कोणतेही शिल्प वा स्मारक उभारण्यापूर्वी त्याची प्रतिकृती व आराखडा निदान तीन महिने त्याच जागी, मराठीतून स्पष्ट माहिती देऊन, लोकांना पाहावयास ठेवावा. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातील बारीक टाइपातील जाहिरात म्हणजे लोकांना विचारणे नव्हे. दुसरी मागणी अशी की, त्या विभागात उघड सुनावणी व्हावी आणि तेथे आलेल्या हरकतींना लेखी उत्तर मिळावे. तिसरी, शिल्पाच्या खर्चातच त्याच्या निगराणीची कायमची तरतूद असावी. नुसत्या अनावरणापुरता पैसा ज्याच्यापाशी आहे, त्याने अनावरण करूच नये. चौथी, उभारण्यास जो नियम तोच हलविण्यास असावा. कोणतीही जुनी मूर्ती, मग ती कोणाचीही असो, रात्रीच्या अंधारात आणि फायलीच्या आडोशाने हलता कामा नये. मुंबईत वारसावास्तूंसाठी १९९५ सालापासून नियमावली आहे. तिच्यामुळे कितीतरी इमारती वाचल्या. लोकांचे मत हे त्या नियमावलीचे बळ व्हावे, इतकेच आमचे म्हणणे आहे.

आणि पाचवी मागणी राणीच्या बागेविषयीची. या बागेच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या परिसरात, मुंबईतून उचललेले पुतळे ठेवलेले आहेत. जुना काळा घोडाही तेथेच आहे. त्याच आवारात घारापुरीचा दगडी हत्तीही आहे. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा असे नाव दिले; १८६४ साली त्याला विलायतेस नेण्याच्या खटपटीत तो फुटला आणि १९१४ साली त्याचे तुकडे पुन्हा जोडण्यात आले. ज्या हत्तीने एका बेटाला नाव दिले आणि ज्या घोड्याने एका चौकाला नाव दिले, ती दोन्ही जनावरे आपापली जागा सोडून एकाच बागेत येऊन राहिली आहेत, हे किती मुंबईकरांना ठाऊक आहे? शाळेच्या सहलीत मुले तेथे पेंग्विन पाहतात आणि परततात. त्यांना कोणी त्या घोड्यापुढे उभे करावे आणि त्याची साद्यंत कथा सांगावी. राजा कोण होता, दाता कोण होता, पुतळा का उभारला, का हलविला आणि लोकांनी त्याचे काय केले, हे सारे त्यांना कळले पाहिजे. दोन्ही घोड्यांपाशी ही हकीकत ठसठशीत मराठी अक्षरांत वाचावयास मिळाली पाहिजे. इतिहास लपविल्याने मरत नाही आणि मिरविल्याने शुद्ध होत नाही; तो सांगितल्यानेच शहाणपण येते.

भायखळ्याला शेठ कर्सेटजी माणेकजी यांचा पुतळा आहे. त्यांचे नाव आज कोणाला विचारले तर सांगता येणार नाही. पण ‘खडा पारशी’ म्हटले की, सारी मुंबई बोट दाखवील. दोन उड्डाणपुलांच्या बेचक्यात सापडूनही तो म्हातारा पारशी अजून खडाच आहे, कारण लोकांनी त्याला आपल्या शब्दाने धरून ठेवले आहे. सार्वजनिक शिल्पाचा खरा चबुतरा हाच. दगडी चबुतरा महानगरपालिका बांधू शकते आणि एका रात्रीत फोडूही शकते. लोकांच्या जिभेवरचा चबुतरा बांधावयास पिढ्या लागतात आणि तो फोडण्याचे हत्यार अजून कोणत्याही सरकारी खात्यापाशी नाही.

म्हणून नवे पुतळे उभारण्यास निघालेल्या साऱ्या मंत्र्यांना, महापौरांना, आयुक्तांना आणि समित्यांना आमचे एकच सांगणे आहे. पायाभरणीचा नारळ फोडण्यापूर्वी एकदा काळ्या घोड्याच्या चौकात जा आणि त्या स्वाराविना घोड्यापाशी क्षणभर उभे राहा. साम्राज्याच्या वारसाला तेथून लोकांनी न बोलता उतरविले आणि मुक्या जनावराला बावन्न वर्षांचा वनवास संपवून परत आणविले. ज्यांना लोकांनी विचारले नव्हते, ते गेले. ज्याला लोकांनी आपले म्हटले, तो परत आला. मुंबईचा चौक हा मुंबईकरांचा आहे, हे ज्याला ओळखता येत नाही, त्याने घोड्यावर बसण्याची हौस धरू नये!